लोकरीचा कचरा, मुरमाड माती : परसबागेच्या प्रकल्प नोंदी

जागा : माण तालुका, जिल्हा सातारा. एक गुंठा परसबाग, बोअरचे पाणी, ठिबक.
माल : दख्खनी मेंढ्यांची न विकली जाणारी लोकर आणि सणगरांच्या (घोंगडी विणणाऱ्यांच्या) मागाखालची झाडलोट.

12 फेब्रुवारी 2024

माती तपासणीचा कागद आला. सामू (pH) 8.2, विद्युत वाहकता 0.31, सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के, मुक्त चुनखड 8 टक्के. वरचा थर जेमतेम वीतभर, खाली मुरूम. म्हणजे पाणी दिले की खाली निघून जाते, स्फुरद चुन्यात अडकतो, लोह असूनही पिकाला मिळत नाही. शेणखत घालत राहणे हा उपाय आहेच, पण इथल्या उन्हात ते एका हंगामात विरते. म्हणून सावकाश कुजणारे, पाणी धरणारे आणि फुकटात मिळणारे काहीतरी हवे होते.

लोकर या तिन्हींत बसते. दख्खनी लोकर जाड, राठ आणि बहुतेक काळी. घोंगडी सोडली तर तिला गिऱ्हाईक नाही, आणि येणाऱ्या पैशांत कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा सुटत नाही. मेंढराच्या अंगासाठी कातरावे तर लागतेच, वर्षातून दोनदा. मग ती बांधाला पडते. बांधावर पडलेली लोकर वर्षभर तशीच राहते. बाभळीच्या काट्याला अडकलेले झुपके पुढच्या कातरणीपर्यंत ओळखू येतात. लोकर म्हणजे केराटिन, केसा-नखांतले तेच प्रथिन. त्याच्या साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी घट्ट बांधलेल्या असतात आणि ते दुवे तोडणाऱ्या जीवाणू-बुरशींना सतत ओल लागते. कोरड्यात ती कुजत नाही. पुढच्या सगळ्या कामाचा पाया हाच.

16 फेब्रुवारी

माल निवडला. तीन ढीग केले.

पहिला : पोटाखालची, मांड्यांची, शेपटीकडची लोकर. लेंड्या आणि मूत लागलेली, विणकर हात लावत नाहीत. आपल्याला हीच सगळ्यात चांगली, कारण तिच्यात कुजवणारे जीव आधीच आहेत.

दुसरा : कातरताना दोनदा कात्री फिरल्याने पडलेले आखूड तुकडे. तोडायचे काम वाचते.

तिसरा : पिंजताना आणि विणताना पडलेली धूळ, सुताची टोके. यावर चिंचोक्याची खळ असते, तिचा त्रास नाही, उलट ती लवकर ओल धरते. त्रास आहे तो मिश्र सुताचा. हल्ली काही मागांवर लोकरीबरोबर ॲक्रिलिकचे सूत चालते आणि दिसायला फरक कळत नाही. प्रत्येक पोत्यातून चार-पाच धागे काढून जाळून पाहिले. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझते, राख बोटात चुरते. ॲक्रिलिक वितळून काळा टणक मणी उरतो. एक पोते याच कारणाने बाजूला काढले. ते मातीत गेले असते तर कधीच निघाले नसते.

घेऊ नये असा माल :

- मेलेल्या मेंढराची लोकर, मरणाचे कारण माहीत नसेल तर मुळीच नाही. काळपुळीचे (ॲन्थ्रॅक्सचे) बीजाणू मातीत कित्येक वर्षे जिवंत राहतात आणि खताच्या ढिगातल्या उष्णतेने ते मरतील याची खात्री नसते.
- गोचीड-पिसवांसाठी नुकतेच औषधात बुडवलेल्या किंवा फवारलेल्या कळपाची लोकर. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही औषधे लोकरीच्या तेलात बसून राहतात. मेंढपाळाला औषधाची तारीख विचारायची; नुकतीच असेल तर तो माल घ्यायचा नाही.
- गोखरू, सराटे, कुसळांनी भरलेली लोकर. ती टाकून द्यायची नाही, पण थेट वाफ्यात नाही; तापणाऱ्या खताच्या ढिगातच.

निवडताना तोंडाला फडके आणि हातात मोजे. कोरडी लोकर झटकली की जी धूळ उडते ती छातीत जाऊ देण्यासारखी नाही. आधी पाण्याचा हबका मारला की निम्मे काम सोपे होते.

19 फेब्रुवारी

मात्रा ठरवली. स्वच्छ वाळलेल्या लोकरीत नत्र साधारण 16 टक्के आणि गंधक 3 ते 4 टक्के असते. आपल्या मळकट मालात माती, लेंड्या, तेल धरून नत्र 9 टक्के मानले. वांग्याला हेक्टरी 150 किलोच्या आसपास नत्र देतात, म्हणजे चौरस मीटरला 15 ग्रॅम. चौरस मीटरला 150 ग्रॅम लोकर टाकली तर 13.5 ग्रॅम नत्र जाते. एवढे पुरे. त्यातले सगळे पहिल्या हंगामात मिळणार नाही, पण शेणखताची जोड आहे.

लोकर हलकी असल्याने डोळ्यांना हे प्रमाण फार कमी वाटते. दोन्ही हातांत मावेल एवढाच झुबका, आणि तेवढ्यात एक चौरस मीटर. इथेच लोक दुप्पट-चौपट टाकतात. काट्यावर तोलूनच टाकायची.

लोकरीत स्फुरद जवळपास नाही. तो वेगळा द्यावा लागेल.

वाफे 1.2 बाय 5 मीटर, म्हणजे 6 चौरस मीटरचे. सगळ्यांना चौरस मीटरला 2 किलो कुजलेले शेणखत आणि 30 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट.

- क : लोकर नाही.
- ख : तोडलेली लोकर 900 ग्रॅम, वरच्या 15 सेंमी मातीत मिसळून.
- ग : तेवढीच लोकर, ओळीखाली 12 सेंमी खोल चरात.
- घ : लोकरीचे आच्छादन, चौरस मीटरला 800 ग्रॅम, मातीवर पसरून.

शिवाय उसाच्या पाचटाबरोबर एक खताचा ढीग.

24 फेब्रुवारी

तोडणी. कडबा कुट्टी यंत्रात कोरडी लोकर सरळ घातली तर पाती तिला कापत नाहीत, फुगलेली लोकर पात्यांमधून निसटते आणि आसाला गुंडाळत जाते. थोड्याच वेळात बेअरिंगपाशी घट्ट गाठ बसते, आस तापतो आणि पट्टा घसरू लागतो. गुंडाळा काढायचा तर आधी वीज बंद, मग विळ्याने आसाच्या लांबीत चिरायचे. ओढून निघत नाही.

दोन रीती चालल्या. एक : ओलसर लोकर कडब्याच्या पेंढीच्या मधोमध ठेवून पेंढीसकट यंत्रात देणे. कडब्याच्या पकडीमुळे पात्याला कापायला काहीतरी घट्ट मिळते आणि 3-4 सेंमीचे तुकडे पडतात. दोन : यंत्र नसेल तर ओल्या लोकरीला पीळ देऊन मनगटाएवढा पेड करायचा आणि लाकडी ठोकळ्यावर कोयत्याने तोडत जायचे. वेळ लागतो, पण परसबागेच्या मापाला हे पुरते. 5 सेंमीपेक्षा लांब तुकडा खाली जाऊ द्यायचा नाही. कारण पुढे येईलच.

27 फेब्रुवारी

भिजवण. कच्च्या लोकरीवर मेणकट तेल असते, पाणी तिला चिकटत नाही, ती तरंगते. 200 लिटरच्या पिंपात 12 किलो लोकर, वर जाळी आणि दगड, 36 तास. पाण्यात दोन घमेली ताजे शेण कालवले, म्हणजे कुजवणारे जीवही आत शिरतात. साबण-सोडा घालायचा नाही. तेल पूर्ण काढायची गरज नाही, धाग्याच्या पृष्ठावर ओल बसली की झाले.

खाली राहते ते तपकिरी पाणी. मेंढराच्या घामाचे क्षार त्यात उतरतात, पालाश चांगला असतो. दहापट पाणी घालून शेवग्याच्या आणि डाळिंबाच्या आळ्यात ओतले. रोपांना नको. दोन दिवसांपुढे पिंप ठेवले तर सडका वास सुटतो आणि माश्या धरतात.

2 मार्च

ख वाफ्यात तुकडे पसरले. ओले झुबके एकमेकांना धरून बसतात, म्हणून आधी ते तिप्पट शेणखतात हाताने चोळून सुटे केले आणि मग कुदळीने 15 सेंमीपर्यंत मिसळले. चोळण्याचे हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळता येत नाही.

ग वाफ्यात चर काढून लोकर सैल पेड करून अंथरली, वर शेणखताचा दोन बोटांचा थर, मग माती.

घ वाफ्यात आधी ठिबकच्या नळ्या, त्यांवर लोकर. उलटे केले तर ड्रिपरचे पाणी मेणकट थरावरून घरंगळून वाफ्याच्या कडेला जाते. लोकर पसरून लगेच झारीने भिजवली आणि वरून दोन बोटे पाचट. उघडी ठेवली असती तर वाऱ्याने कुंपणाला जाऊन बसली असती.

चुना कशातही मिसळायचा नाही. लोकर लवकर फुटावी म्हणून चुना टाका असा सल्ला फिरतो. चुन्याने ती फुटेल खरी, पण सुटलेले नत्र अमोनिया होऊन हवेत जाईल. आपली माती तशीही चुनखडीची, म्हणून लोकर तिच्यात गाडलेली किंवा निदान झाकलेली हवी.

5 मार्च

वांग्याची रोपे लावली, कडेने भेंडी टोकली.

त्याचबरोबर कुंड्यांत मेथीची परीक्षा मांडली. एक लिटर मातीला लोकर 0, 1, 3, 6, 12 आणि 25 ग्रॅम.

8 मार्च

पाचटाचा ढीग लावला. पाचटात कर्ब 42 टक्के आणि नत्र 0.4 टक्का धरले, लोकरीत कर्ब 40 आणि नत्र 9. कर्ब-नत्र गुणोत्तर 30 च्या आसपास आणायला 100 किलो वाळक्या पाचटाला 13 किलो लोकर लागते. इथे 200 किलो कुट्टी केलेले पाचट, 26 किलो लोकर, तीन घमेली शेणाचा काला, एक घमेले जुने शेणखत. पाणी 270 लिटरच्या आसपास. मूठ दाबली की बोटांच्या फटीत पाणी दिसावे, थेंब गळू नये.

रचना : 20 सेंमी पाचट, दोन-तीन सेंमी पिंजलेली लोकर, काला, पुन्हा पाचट. ढीग दीड बाय दीड मीटर, उंची 1.2 मीटर. यापेक्षा लहान ढीग तापत नाही. वर गोणपाट. गोखरू-कुसळांची लोकर मधोमध घातली, कडेला नाही. कड तापत नाही.

13 मार्च

ढिगात खुपसून ठेवलेली लोखंडी सळई बाहेर काढून हातात धरवत नाही. म्हणजे ढीग चांगला पेटला. थर्मामीटरवर 62 अंश.

18 मार्च

घ वाफ्यावर कुत्र्यांनी दोन ठिकाणी उकरले. शेण-मुताच्या लोकरीचा वास त्यांना ओढतो. कडेने बाभळीच्या फांद्या टाकल्या. चिमण्या आणि खारी घरट्यासाठी झुपके उपसतात, त्याने फारसे बिघडत नाही.

26 मार्च

मेथीच्या कुंड्या. उगवण सगळीकडे सारखीच होती, आणि फसवते ती हीच गोष्ट. लोकर पहिल्या आठवड्यात काही करत नाही. केराटिन फुटून अमोनियम सुटायला दोन-तीन आठवडे लागतात आणि रोप तेव्हाच कोवळे असते. आज 6 ग्रॅमपर्यंतच्या कुंड्या क्रमाने अधिक हिरव्या. 12 ग्रॅममध्ये पानांच्या कडा करपलेल्या, वाढ खुंटलेली. 25 ग्रॅममध्ये रोपे झोपली, कुंडी हुंगली तर नाकाला झोंबते.

वाफ्यातली 150 ग्रॅमची मात्रा 15 सेंमी खोलीत वाटली तर लिटरला फक्त 1 ग्रॅम पडते. सरासरीने काही धोका नाही. पण ख वाफ्यात दोन वांग्यांची खालची पाने पिवळी पडून कडा वाळल्या होत्या. तिथे खुरप्याने उकरले तर मुळाला चिकटून लिंबाएवढा न सुटलेला झुबका. त्या मुळाच्या दृष्टीने मात्रा लिटरला 25 ग्रॅमच्या पुढची. सुटी करून टाकायची ती यासाठी. झुबके काढले, भरपूर पाणी दिले, रोपे सावरतील.

28 मार्च

ढीग पालथा केला. मध्ये लोकरीच्या थराचे चक्क बुरणूस (न विणता, दाबून केलेले लोकरीचे जाड कापड) झालेले. ऊब, ओल आणि वरच्या ओझ्याची हालचाल एकत्र आली की धाग्यावरचे खवले एकमेकांत अडकतात. बुरणूस करणारे हेच मुद्दाम करतात. या चकत्यांच्या आतली लोकर कोरडी आणि जशीच्या तशी, बाहेर मात्र पांढरी बुरशी. हवा नाही, पाणी नाही, मग कुजणार कसे. चकत्या कोयत्याने तोडून पाचटात मिसळल्या, 40 लिटर पाणी दिले. पुढच्या ढिगाला थर देणेच बंद. आखूड तुकडे पाचटात आधी मिसळून मग रचायचे.

वरच्या थराला अमोनियाचा वास होता, म्हणून दोन घमेली लाकडाचा भुसा आणि बोटभर माती टाकली.

9 एप्रिल

ओल मोजली. पाणी देण्याच्या आधी 10 सेंमी खोलीवरून नमुना, 105 अंशावर 24 तास. क मध्ये 8 टक्के, ख मध्ये 9, ग मध्ये 10, घ मध्ये 14. मातीत मिसळलेल्या 150 ग्रॅम लोकरीने पाणी धरण्याची फार मोठी अपेक्षा ठेवू नये, तेवढ्या मालात ते होत नाही. ओलीचा खरा फायदा आच्छादनाचा, कारण मातीवर ऊन पडत नाही. घ वाफ्याचे ठिबक एक दिवसाआडऐवजी तीन दिवसांनी केले.

30 एप्रिल

चारही वाफ्यांत वांग्याच्या कोवळ्या पानांत शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. लोह कमी पडतेय. लोकरीत गंधक असतो, त्याने सामू उतरेल आणि लोह मोकळे होईल असे बऱ्याच ठिकाणी सांगतात. आकडे मांडून पाहू. पूर्ण गुंठ्याला 15 किलो लोकर पडली तरी मळकट मालात गंधक 300 ग्रॅम. एक किलो गंधक 3 किलोच्या आसपास चुनखड खातो, म्हणजे आपला गंधक एक किलोदेखील खाणार नाही. गुंठ्याच्या 15 सेंमी मातीचे वजन 20 टनांच्या घरात, त्यात 8 टक्क्यांनी दीड टनांहून जास्त चुनखड. हिशेब तिथेच संपतो. गंधक पिकाच्या पोटात जाईल तेवढा उपयोगी, जमीन सुधारायला नाही.

फेरस सल्फेट 0.5 टक्के, सायट्रिक आम्ल 0.1 टक्का, संध्याकाळी फवारले. आठवड्याने पुन्हा.

21 मे

ग वाफा पुढे. वांग्याची पाने गडद, फांद्या जास्त. ठिबकची ओल थेट चरात उतरते आणि तिथली लोकर कधीच सुकत नाही, हे कारण. ख मध्ये वरच्या 5 सेंमीतली लोकर दर वेळी सुकते आणि कुजणे थांबते. उन्हाळ्यात ठिबकवर बाग असेल तर मिसळण्यापेक्षा चर बरा.

मेंढरं बसवलेल्या रानाशी तुलना करू नये. लेंडी आणि मुताचे नत्र लगेच लागते, लोकरीचे मागाहून येते. दोन्ही मिळाले तर उत्तमच.

12 जून

पाऊस झाला. घ वाफ्याच्या थराखाली पहिल्या सरींचे पाणी पोचलेच नाही. हलकी सर मेणकट थर आणि पाचट दोघे मिळून पिऊन टाकतात. दुसऱ्या दिवशीच्या मोठ्या पावसानंतर खाली चांगली ओल.

थर उचलला तर खाली गोगलगायी. लोकर टोचते म्हणून गोगलगाय येत नाही असे सांगतात; कोरडी असेपर्यंत ते कदाचित खरे असेल. भिजलेल्या थराखाली त्यांना मुक्काम सापडतो. संध्याकाळी ओले गोणपाट अंथरून सकाळी वेचणे चालू.

14 जुलै

ढीग उतरला, उंची निम्म्याखाली. ओढून पाहण्याची चाचणी : ढिगातून धागा काढून दोन बोटांत ताणायचा. ताणला जाऊन परत येत असेल तर कच्चा. आता बहुतेक धागे तपकिरी, ओढताच तुटतात. काही चकत्यांचे अवशेष चाळणीवर राहिले, ते नव्या ढिगाला विरजण. 8 मिमीच्या चाळणीखालचा माल काळा, मातीचा वास येणारा. गोखरू मधल्या भागात मेले. कडेने आलेल्या मालात दोन-चार उगवले, उपटले.

8 सप्टेंबर

वांग्याचे तोडे संपत आले. ग सगळ्यात जास्त, मग घ, ख, शेवटी क. एका हंगामाच्या एकेका वाफ्यावरून टक्के काढण्यात अर्थ नाही. क्रम मात्र तोड्यागणिक तोच राहिला.

22 ऑक्टोबर

वाफे मोकळे करताना पॉवर वीडर ख मध्ये चालला, घ मध्ये काही फुटांत अडकला. आच्छादनातले लांब धागे दात्यांना गुंडाळतात. 5 सेंमीची अट याचसाठी. घ चा थर आधी फावड्याने गोळा केला. तो मातीत कालवायचाही नाही, कारण चौरस मीटरला 800 ग्रॅम म्हणजे 72 ग्रॅम नत्र, हेक्टरी 720 किलो. थराची खालची बाजू भुरभुरीत, गांडुळांनी भरलेली. ती खरवडून वाफ्यातच ठेवली. वरची बाजू अजून दमदार आहे, ती नव्या ढिगात.

ख मध्ये लोकर शोधावी लागते. ग च्या चरात तपकिरी तंतूंचा पट्टा, वांग्याची पांढरी मुळे त्यातूनच गेलेली. त्या चराला धक्का न लावता नव्या ओळी त्याच रेषेवर.

4 नोव्हेंबर

दिवाळीच्या कातरणीचा माल आला. सुकी लोकर गोणीत तशीच ठेवली की कसर लागते. मातीसाठी ते बाधक नाही, पण घरातल्या घोंगड्यांना लागेल, म्हणून गोण्या गोठ्याच्या पलीकडे. मुळा, गाजर यांच्या वाफ्याला कच्ची लोकर नाही, मुळे फाटे फोडतात; तिथे चाळलेले खत चौरस मीटरला दीड किलो. कोबी, फ्लॉवरला चर, 150 ग्रॅम, लावणीच्या तीन आठवडे आधी भरून ओले ठेवायचे, म्हणजे अमोनियाची पहिली लाट रोप येण्याआधी ओसरते.